पुंगळ्यांचं यंत्र आणि आईचं फुलपात्र

शरयू किन्हीकरला राग यायला कारण लागत नाही, असं अमेरिकेतल्या शुगर लँड गावातली मराठी मंडळी म्हणतात. धादांत खोटं आहे ते. कारण नेहमी असतं, फक्त समोरच्या बावळटाला ते दिसत नाही.

आता हेच बघा. बाई नागपूरहून धातुशास्त्र शिकून आलेली. सव्वीस वर्षं तेलाच्या पाइपांना गंज कुठे लागलाय, का लागलाय आणि कधी फुटणार आहे, हे सांगायचं काम करते. तिनं सांगितलेली तारीख सहसा चुकत नाही. पण साइटवर टोपी घालून उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला : तुमचे साहेब कुठे आहेत? मीटिंगमध्ये बसली की नोट्स हिनंच घ्यायच्या. गाडी घ्यायला गेली तर सेल्समन सगळी माहिती नवऱ्याला, देवदत्तला सांगणार, ज्याला अजून गॅरेजमधून गाडी धड रिव्हर्स काढता येत नाही. तळपायाची आग मस्तकात जाईल नाहीतर काय होईल?

सत्तेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या लोकांनी टीम आउटिंग म्हणून शूटिंग रेंजवर नेलं. पोरं गालात हसत होती, की आता आँटी किंचाळणार. आँटीनं पिस्तूल हातात घेतलं, श्वास सोडला आणि कागदावरच्या काळ्या वर्तुळात पाच भोकं पाडली, एका पुरीत मावतील इतकी जवळ. हसणं थांबलं. त्या शांततेची तिला चटक लागली. मग दर शनिवारी क्लब, मग स्पर्धा, मग दुकानातली काडतुसं एकसारखी नसतात म्हणून घरीच स्वतःची काडतुसं भरायला सुरुवात.

देवदत्तला हे अजिबात आवडलं नाही. झुरळ मारायचं तरी हा दुसऱ्याला हाक मारणारा माणूस. त्यानं एकच अट घातली : या विषयातला एक शब्दही मला घरात ऐकू यायला नको. तिनंही आपली अट घातली : गॅरेजमधल्या माझ्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. दहा वर्षं दोघांनी अटी पाळल्या. अगदी इमानदारीत पाळल्या, आणि तिथेच सगळं नडलं.

काडतूस उडालं की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती पुन्हा भरायची तर आधी तिच्यावरची काजळी जायला हवी. सुरुवातीची वर्षं शरयू हे काम बादलीत चिंचेच्या कोळात करायची. तिची आई पितळेची भांडी घासायची ना, तसंच. पण आठवड्याला पाचशे पुंगळ्या घासायला लागल्यावर तिचे हात भरून आले. मग यंत्र घ्यायचं ठरलं.

यंत्रं दोन जातींची. एक म्हणजे थरथरणारं भांडं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा घालायचा, वर पुंगळ्या टाकायच्या, बटण दाबायचं. स्वस्त, सोपं, कोरडं. फक्त धूळ उडते. दुसरं म्हणजे गोल फिरणारा ड्रम. त्यात पाणी, साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक सळ्या. पुंगळ्या आतून-बाहेरून लखलखीत निघतात, पण नंतर वाळवायची कटकट. मात्र धूळ नाही. आणि धुळीचा मुद्दा साधा नव्हता. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी असते, तिच्यात विषारी शिसं असतं. ते जळून काजळीत उतरतं आणि कोरड्या यंत्रात त्या टरफलांच्या चुऱ्यात साठत जातं. हे शरयूला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं कागदावर दोन रकाने आखले, सगळं लिहून काढलं आणि ड्रमभोवती गोल केला. विषय संपला.

विषय संपला होता हो. पण ती दुकानात गेली.

हायवेवरचं जुनं दुकान. काउंटरमागे सत्तरीचा म्हातारा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. शरयूनं ड्रम दाखवा म्हणायच्या आतच त्यानं प्रेमानं विचारलं, नवऱ्यासाठी घेताय का? मग उत्तराची वाट न बघता सांगत सुटला, त्यांना हा ओला ड्रमच द्या, त्या कोरड्या यंत्राची धूळ वाईट, घरात लहान मूल असेल तर फारच वाईट, पुरुषांना या गोष्टी सुचत नाहीत, तुम्हीच बघायला हवं. म्हातारा अक्षरन् अक्षर खरं बोलत होता. पण शरयूच्या कानात ‘नवऱ्यासाठी’ या शब्दानंतर काही शिरलंच नाही. सव्वीस वर्षांचे सगळे साहेब, सगळे सेल्समन त्या म्हाताऱ्याच्या चष्म्यामागून तिच्याकडे बघायला लागले. तिनं बोट लांब केलं आणि कोरड्या यंत्राकडे दाखवलं. ते द्या. म्हातारा पुन्हा काही सांगायला लागला, तर तिनं त्याला सांगितलं की मी धातूंची इंजिनियर आहे, मला काय घ्यायचं ते कळतं.

दुसऱ्या सिग्नललाच तिला कळलं की आपण गाढवपणा केला. यू-टर्न समोर होता. पण परत जाऊन त्या म्हाताऱ्याला तोंड दाखवायचं? मेले तरी नाही. डोक्यात राख घालून घेतलेल्या माणसाला समोरचा यू-टर्न दिसतो, घेता येत नाही.

तशी ती काळजी घ्यायची. यंत्र गॅरेजमध्ये, झाकण घट्ट, मास्क, हातमोजे, वेगळा शर्ट, तो वेगळा धुवायचा. स्वतःपुरती चोख व्यवस्था. देवदत्तला मात्र काही सांगितलं नाही. सांगणार कसं? अट होती.

दीड वर्ष असं गेलं. मग अनिका आली.

अनिका ही त्यांची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर दूर ट्रॉय गावी राहते. सातवा महिना होता. शनिवारी डोहाळजेवण ठरलेलं, ती आदल्या रविवारीच आली. अनिकाला या घरात एकाच भांड्यातून पाणी प्यायची सवय, आजीच्या पितळेच्या फुलपात्रातून. लहानपणी ती त्यासाठी रडून घर डोक्यावर घ्यायची. तेच फुलपात्र कपाटात काळंठिक्कर पडलं होतं. लेक यायच्या आदल्या दिवशी शरयू स्पर्धेला गेलेली, आणि देवदत्तच्या मनात काय आलं कोण जाणे, दहा वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या टेबलापाशी गेला. हिचं यंत्र पितळच घासतं ना? मग फुलपात्र का नाही? त्यानं ते टरफलांच्या चुऱ्यात पुरलं, निरांजनही टाकलं, आणि कसं चमकतंय ते बघायला झाकण उघडं ठेवून तासभर तिथेच उभा राहिला. सोन्यासारखं निघालं. धुतलं मात्र नाही. पितळेला पाणी लागलं की डाग पडतात, घासल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायचं, हे सासूबाईंचं वाक्य त्यानं लग्नापासून ऐकलं होतं. तेवढं नेमकं त्याच्या लक्षात राहिलं.

अनिका फुलपात्र बघून खूश झाली. शरयूही बघतच राहिली. नवऱ्यानं हातानं घासलं असेल असं समजून तिनं चक्क त्याचं कौतुक केलं. तोही गालात हसला, सरप्राइज फोडलं नाही.

गुरुवारी सकाळी अनिका पाणी पीत होती आणि तिनं ओठावरून काहीतरी उचललं. तपकिरी कण. पाण्यात कसलं तरी टरफल आहे म्हणाली. शरयूनं तो बोटाच्या टोकावर घेतला. अक्रोडाचा चुरा. तिनं फुलपात्र उलटं केलं आणि वरच्या दुमडलेल्या काठात नख फिरवलं. नखाला करडी पूड लागली. चार दिवस त्याच काठाला तिच्या लेकीचे ओठ लागत होते.

मग ती जी काय सुटली. देवदत्तची अक्कल, त्याचं घराणं, नको तिथं नाक खुपसायची खोड, दहा वर्षं पाळलेली आणि नेमकी आत्ताच मोडलेली अट, सगळं निघालं. मेलं कधी घरातलं एक काम धड केलं नाहीस आणि केलंस ते हे? देवदत्त बिचारा हातात फडकं घेऊन उभा. त्याला अजून कळलंच नव्हतं की झालंय काय. शेवटी अनिकानं विचारलं, म्हणून शरयूला सांगावं लागलं : शिसं, धूळ, पोटातलं बाळ. सांगताना तिचा आवाज खाली खाली आला.

अनिका पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली. रडली नाही. चिडली मात्र अगदी आईसारखी.

“आई, हे तुला माहीत होतं? आधीपासून?”

शरयूनं होकारार्थी मान हलवली.

“मग घरात का आणलंस?”

याला उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायचं कसं? एका म्हाताऱ्यानं मला नवऱ्यासाठी घेताय का विचारलं, म्हणून? तेवढ्यात देवदत्त बोलला. आवाज न चढवता बोलला, म्हणून जास्त लागलं.

“तू रोज मास्क लावून आत जायचीस. का, ते मी कधी विचारलं नाही. आणि तू कधी सांगितलं नाहीस.”

त्याच दुपारी अनिकाचं रक्त तपासलं. डॉक्टरनं घरातल्या सगळ्यांचंच तपासायला सांगितलं. ते दोन दिवस शरयूनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. अनिका बॅग उचलून शुभामावशीकडे राहायला गेली. शुभा ही शरयूची कॉलेजपासूनची मैत्रीण, डोहाळजेवण तिच्याच हॉलमध्ये झालं. ज्या आईनं हौसेनं हिरवी साडी घेतली, पाच प्रकारचे लाडू केले, ती आई दुसरीच्या घरात पाहुणीसारखी उभी. लाडू अर्थातच आणले नव्हते, ते गॅरेजला लागून असलेल्या स्वयंपाकघरात केले होते. सगळे डबे कचऱ्यात गेले. बायका गाणी म्हणत होत्या आणि शरयूला प्रत्येकीचा राग येत होता, शुभाचा, तिच्या स्वच्छ घराचा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. हा राग नवा होता. याला ओरडायला समोर कुणी नव्हतं.

रिपोर्ट आले. अनिकाचा आकडा मर्यादेच्या आत, पण थोडक्यात आत. डॉक्टर म्हणाल्या की वेळेवर लक्षात आलं, महिन्यानं परत तपासू. देवदत्तचा ठीक. शरयूचा मात्र मर्यादेच्या कितीतरी वर. डॉक्टरनं विचारलं, डोकं दुखतं का, झोप येते का, चिडचिड वाढलीय का? देवदत्त म्हणाला, चिडचिडीचं सांगता येणार नाही, आधीचं मोजमाप उपलब्ध नाही. शरयूनं त्याच्याकडे असं बघितलं की डॉक्टरनं तो रकाना आपणच भरून टाकला.

अनिका रविवारी ट्रॉयला परत गेली. विमानतळावर आईला मिठी मारली, पण आधी विचारलं की हे कपडे धुतलेले आहेत ना. आणि जाताना सांगून गेली.

“ते घर क्लीन झाल्याशिवाय मी बाळाला तिथे आणणार नाही. डॅडनी सांगितलं म्हणून नाही, तू स्वतः सांगितलंस तरच.”

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज रिकामं व्हायला लागलं. धूळ साफ करणारी माणसं आली, पांढरे कपडे घालून. थरथरणारं यंत्र पिशवीत बंद होऊन गेलं. फुलपात्र शरयूनं स्वतः अकरा वेळा धुतलं, आणि तरी ते वापरायचं नाही म्हणून वेगळं गुंडाळून ठेवलं. आईचं भांडं होतं ते, टाकवेना.

मग एका शनिवारी ती हायवेवरच्या दुकानात गेली. देवदत्त बरोबर होता, अट मोडूनच आला होता. तोच म्हातारा, तोच चष्मा. त्यानं शरयूला ओळखलं नाही. देवदत्तकडे बघून हसला आणि विचारलं, साहेबांसाठी काय दाखवू? देवदत्त एक पाऊल मागे सरकला. आता काय होणार, ते त्याला पक्कं माहीत होतं.

राग आला. पायापासून डोक्यापर्यंत आला. शरयूनं काउंटरची कड घट्ट धरली आणि तो तिथल्या तिथे दाबून ठेवला.

“दीड वर्षापूर्वी तुम्ही मला या ड्रमबद्दल काहीतरी सांगत होतात. मी ऐकलं नाही. परत सांगा, पहिल्यापासून.”

म्हातारा सांगायला लागला. सळ्या, पाणी, लिंबूसत्त्व, वापरलेलं पाणी कुठे ओतायचं नाही ते. तिला माहीत असलेलंच सगळं, एकेक शब्द. ती मध्ये एकदाही बोलली नाही. वही काढून तिनं लिहून घेतलं, मीटिंगमधल्या नोट्स घेतात तसं.