सत्तेचाळीस नंबरवाली कोण?

पवनीत कोणाच्या लग्नातला डबा कोणाच्या बारशात फिरला, हे एकटी रत्नमाला सांगू शकते. भांड्याच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून ती वीस वर्षं मशीनने भांड्यांवर नावं टाकते आहे. जुनं नाव घासून नवं टाकायला आणलेलं भांडं ती हातात घेताच ओळखते, आणि आणणारीच्या तोंडाकडे नुसती पाहत राहते. एकदा मीही सापडले आहे. तो विषय इथे नको.

तर अशा संशयी बाईचीच बोटं ताठरली. कातडी चामड्यासारखी घट्ट झाली, मूठ वळेना, जिना चढताना दम लागू लागला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, अंगाची राखण करणाऱ्या पेशीच तुमच्या अंगावर उठल्या आहेत. औषधांनी भागेना, तेव्हा त्यांनी एका नव्या उपचाराच्या चाचणीचं सांगितलं. तिच्या रक्तातल्या काही पेशी काढायच्या, बिघडलेल्या पेशी ओळखून मारायला त्यांना मुंबईच्या प्रयोगशाळेत शिकवायचं आणि परत तिच्याच अंगात सोडायच्या. गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं.

नवरा चंद्रकुमार रक्त दिसलं की आडवा होतो, म्हणून सोबतीला शेजारीण, म्हणजे मी.

"उषाबाई, माह्या पेशी मुंबईले जातीन, अन् वापस येतीन त्या कोणाच्या?" बसमध्ये तिने विचारलं.

"एखाद्या नटीच्या आल्या तं चंद्रकुमारची चांदीच आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही.

पेशी काढल्या त्या दिवशी तिला चाचणीतल्या नंबराचं कार्ड मिळालं. नंबर ०४७. घरी येताच तिने त्यावर चहा सांडला, आणि मग आपला पाणी प्यायचा पितळेचा गडू उलटा करून बुडावर तो नंबर कोरायला बसली. "कागद बदलवता येते, पितळ नाही," म्हणाली. आखडलेल्या बोटांत मशीन थरथरत होती. इंग्रजी सातची आडवी रेघ उमटलीच नाही, उभी तेवढी राहिली. सातचा एक झाला.

तिचा चष्मा आत होता. तिला दिसलं नाही, मला दिसलं. आणि मी गप्प बसले. वीस वर्षं लोकांच्या चुका धरणाऱ्या बाईची पहिली चूक, ती काय अशी फुकट जाऊ द्यायची? गडू आणि कार्ड शेजारी ठेवून मी फोटोसुद्धा काढला, बोळीतल्या बायकांना कधीतरी दाखवायला.

महिन्याभराने पुन्हा नागपूर. तीन दिवस जुन्या पेशी कमी करणारी सलाईन चालली. मग गोठवलेली पिशवी आली. नर्सने मनगटावरचा पट्टा, कार्ड आणि पिशवी, तिन्ही वाचून दाखवली. शून्य, चार, सात.

रत्नमालाने चष्मा लावला आणि उशाशी ठेवलेला गडू उलटा केला.

"थांबा. माहा नंबर एकेचाळीस. हे सत्तेचाळीस नंबरवाली कोण आहे?"

"तुम्हीच, ताई."

"मी कशी? कार्ड बदलवलं तुमी! कोणाच्या पेशी माह्या अंगात सोडून राहिले?"

डॉक्टरबाई आल्या. पेशी काढल्या त्या दिवशीचा, ०४७ नंबराखाली रत्नमालाची सही असलेला कागद त्यांनी पुढे धरला.

"सही का, कोणीबी करते."

"तुमची मर्जी नसेल तर आम्ही देणार नाही," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुमच्या जुन्या पेशी आम्ही कमी केल्या आहेत. आज ही पिशवी नाकारली, तर दुसरी तयार नाही."

रत्नमालाने हात चादरीखाली ओढून घेतला.

फोटो दाखवावा तर मी पकडली जाते. न दाखवावा तर ही बाई दम खात-खात तशीच पवनीला परत जाते, आणि कारण मी. मोबाइल काढला.

"रत्ना, हा फोटो पाय."

तिला बोटांनी फोटो मोठा करता येईना, मी करून दिला. कार्डावर ०४७, शेजारी गडूवर ०४१. कार्डावर तोच चहाचा डाग, जो तिच्या हातातल्या कार्डावर होता. तिने दोन्ही डाग तीनदा ताडून पाहिले.

"तुले त्याच दिवशी दिसलं होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

"मजा पाहून राहिली होती."

चादरीतून हात बाहेर आला.

"लावा," ती नर्सला म्हणाली. "पण पयले हिले बाहेर काढा."

याला पाच महिने झाले. मूठ वळते, असं चंद्रकुमार सांगतो. डॉक्टर म्हणतात, अजून पाहावं लागेल. रत्नमालाचा दोघांवरही विश्वास नाही, आणि माझ्याशी तर बोलणंच बंद.

गेल्या आठवड्यात तिने चंद्रकुमारच्या हाती निरोप पाठवून माझा स्टीलचा डबा मागवला. मला संशय आलाच, तरी दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. झाकणावर बारीक, एकसारखी, कुठेही न थरथरलेली अक्षरं होती: 'उषाबाईस सप्रेम भेट.' माझाच डबा, मलाच भेट!

मग बूड पाहिलं. तिथे ०४१. एकची रेघ पट्टीने आखावी तशी सरळ.