जवारीची बिस्किटं आणि आबांची साखर

आमच्या भागात तेव्हा नानकटाई विकत आणायची नाही, करून आणायची. घरून मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि भट्टीतून आपला पत्रा बाहेर आला की डबा भरून घरी यायचं. मी महिन्यातून एकदा सिरसाळ्याच्या बेकरीत जायची, कारण माझ्या सासऱ्यांना दुपारच्या चहाबरोबर दोन नानकटाया लागायच्या. सासूबाई होत्या तेव्हा त्या जायच्या, त्या गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. सगळी हयात त्यांनी सहकारी साखर कारखान्यात पॅनमन म्हणून काढली. उकळता रस आटत आला की थेंबभर काचेवर घ्यायचा, उजेडात धरायचा, बोटांनी चोळायचा आणि दाणा कुठवर आलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावरही हंगामात कारखाना त्यांना बोलावून घ्यायचा. त्या वर्षी मात्र दुष्काळ पडला, ऊसच नव्हता. कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही आणि कारखान्याच्या आवारात चारा छावणी बसली. आबा दिवसभर ओसरीवर बसून राहायचे. पाय बधिर होतात म्हणायला लागले, पाणी सारखं मागायला लागले. अंबाजोगाईला दाखवलं तर शुगर निघाली, तीही चांगली वाढलेली.

"बिस्किट, नानकटाई बंद," डॉक्टर म्हणाले.

"बरं," आबा म्हणाले. घरी येऊन चहा घेतला आणि डब्याकडे हात केला. मी डबा उचलून आत नेला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझे मालक लातूरला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे. घरात आम्ही दोघंच. मी ठरवलं की नानकटाई बंद करायची नाही, बदलायची. मैद्याच्या जागी जवारी आणि साखरेच्या जागी गूळ. मला वाटलं झालं काम. इतकं सोपं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

बेकरीवाल्या चाचांनी पिठात हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ये जवारी हाय?"

"हो. शुगर झालीय आमच्या आबांना."

"बाई, ये चिपकता नै. भाकरी करा ना घरी."

मी हट्टाने पत्रा भरायला लावला. भट्टीतून जे आलं त्याला आकारच नव्हता, उचललं की चुरा व्हायचा आणि गुळाचे खडे कोळशासारखे काळे पडले होते. रांगेतल्या बायका बघत होत्या. चाचांनी पत्रा माझ्याकडे सरकवला आणि पुढचा नंबर पुकारला, ते मला जास्त लागलं.

मग मी घरीच करायला बसले. कुकरची शिट्टी काढायची, तळाशी वाळू घालायची, वर ताटली ठेवायची आणि मंद आचेवर भाजायचं. पहिला घाणा वरून कच्चा, खालून जळका. दुसऱ्याला दूध घातलं तर तो दगड झाला. तिसऱ्याला तूप वाढवलं, तर ते वितळून ताटलीभर पसरलं. आणि प्रत्येक घाण्यानंतर तुपकट भांडी. टँकर चार दिवसांनी यायचा, दोन घागरी जास्त मिळाल्या तर नशीब. घासायला पाणी कुठून आणू? राखेने कोरडी पुसायची. हाताला तूप, राख आणि गुळाचा चिकटा, आणि ओसरीवरून आबांचा आवाज, "काय जळालंय?"

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना मोठ्या अभिमानाने सांगितलं की आता गुळाची करते.

"गूळ आणि साखर, शुगरच्या माणसाला सारखंच," ते म्हणाले. "कमी करा."

एसटीत बसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी म्हणलो होतो का तुला, कर म्हणून?"

तरी मी सोडलं नाही. गूळ चमच्यावर आणला, वेलची घातली, शेंगदाण्याचा कूट घातला. चव बरी यायची, पण बिस्किट धरायचं नाही. एक दिवस सगळं पीठ परातीत तसंच टाकून मी चुलीपुढे बसून राहिले. आबा आत आले. ते कधी स्वयंपाकघरात यायचे नाहीत. परातीतलं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, उजेडाकडे धरलं. पॅनवर करायचे अगदी तसंच.

"गूळ चुरून घालतीस काय?"

"हो."

"म्हणून जळतंय. पाण्यात इरघळव, आटव, मग घाल. चमचाभरच घाल, पण पाक करून. आन् पीठ आधी भाजून घे, त्यात वल हाय. थोडी गव्हाची कणीक लागंलच, त्याबिगर धरायचं न्हाई."

पाक ते स्वतः बघत होते. वाटीत थेंब टाकून बोटांत तार धरली आणि म्हणाले, "उतरव." त्या घाण्याची बिस्किटं उभी राहिली. कडा नीट, मोडताना कट्कन आवाज. आबांनी एक खाल्लं, सावकाश.

"जमलं," म्हणाले.

त्या दिवसापासून दुपारच्या चहाला, बिनसाखरेच्या, दोन बिस्किटं. पुढं रोज चार मागून घ्यायचे. "छावणीवर जातो, तिथं माणसं बसल्यात, त्यांनाबी देतो," म्हणायचे. मला बरं वाटायचं. ओसरीवर बसून राहणारा माणूस चालायला लागला होता. आठवड्यातून दोनदा मी घाणा करायला लागले. टँकरचं पाणी त्यासाठी राखून ठेवायची, स्वतःची साडी दोन दिवस जास्त नेसायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तो पहिल्यापेक्षा वाईट. डॉक्टरांनी माझ्याकडेच बघितलं. "घरात काय खातात?" मी सांगितलं. जवारीच्या पिठाची, चमचाभर गुळाची बिस्किटं. त्यांनी इन्सुलिन सुरू केलं आणि सुई कशी टोचायची ते मला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी आबांची टोपी घरी राहिली म्हणून मी ती घेऊन छावणीवर गेले. गव्हाणींच्या ओळींपलीकडे एक म्हातारी धनगरीण बसायची, दोन म्हशी घेऊन चकलांब्याकडून आलेली. मला बघून तिने जवळ बोलावलं.

"तूच का बाई, आबांची सून? लई गुणाची हायस. तुझी बिस्किटं आठ दिस टिकत्यात. सकाळी एक खाल्लं की दुपारपत्तूर भूक न्हाई लागत."

"आबांनी दिली ना?"

"रोज देत्यात. समदीच देत्यात. मी म्हणलं फुकट कशाला, मग माज्या नातवानं आणलेल्या बिस्किटाच्या पुड्यातली त्यांना देती. त्यांना पुड्याचीच आवडत्यात. आन् वाईच गोड चहा."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती कौतुकच करत होती. मी टोपी हातात घेऊन तशीच उभी राहिले. पलीकडे कडब्याच्या गंजीला टेकून आबा बसले होते, हातात पितळी आणि चहात बुडवलेलं बिस्किट.

मी टोपीसकट परत फिरले. ते घरी आल्यावर बोलले.

"कावून असं केलं, आबा? नको होतं तर सांगायचं ना."

त्यांनी माझ्या हातातली टोपी घेतली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू केलं नसतंस. आन् तुला करायचं होतं."

"मी तुमच्यासाठी करत होते."

"म्या जल्मभर साखर शिजवली पोरी. दाण्याला जीभ लावून बघायची, तेवढीच माजी. आता कारखाना बंद, साखर बंद. तू जवारीचं काईबी दे, मी खातो. पर त्याला बिस्किट म्हणू नको."

हे ऐकून मला कीव यायला हवी होती. आली नाही. मला दिसत होती ती राखेने पुसलेली भांडी, राखलेलं पाणी, कुकरच्या कडेने भाजलेलं मनगट. मी म्हणाले, "उद्यापासून सकाळी सात वाजता सुई. छावणीवर जायचं तर माझ्याबरोबर."

ते गेले माझ्याबरोबर. दोन दिवस गेले, मग जाणंच बंद केलं. पुन्हा ओसरी. सुईला मात्र स्वतःहून सदरा वर करायचे. दुपारी मी बशीत एक बिस्किट ठेवायची. ते अर्धं खायचे, अर्धं तसंच बशीत. मी कधी आग्रह केला नाही.

घाणा मी चालू ठेवला. छावणी उठेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी त्या म्हातारीला डबाभर नेऊन द्यायची आणि ती रिकाम्या डब्याबरोबर शेणाच्या दोन गोवऱ्या, कधी डब्यात घोटभर दूध परत पाठवायची. तिच्याशी बोलताना मला बरं वाटायचं. घरी परतताना, ओसरीवर आबा दिसले की पुन्हा राग यायचा. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो राग पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही.