पाच पाल्यांची टोपली

कुंभकोणात कुणाचे डोळे पिवळे झाले, की घरची माणसं त्याला पहाटे अंबुजाबाईंच्या दारी आणून बसवत. माझी आई त्यांच्या शेजारची. हे सगळं तिनं पाहिलेलं. तंजावरचं राज्य खालसा होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. बाईंचे सासरे दरबारात कारकून होते. दरबार गेला आणि घरात उरलं ते सासूनं मरताना बाईंच्या कानात सांगितलेलं काविळीचं औषध. 'तूही मरतानाच सांग, तेही एकीलाच. आधी फुटलं तर पाल्याचा गुण जाईल.'

बाईंनी हे इतकं मनावर घेतलं की हसू यावं. ओलेत्यानं, कुणाशी न बोलता परसात जायच्या, मागच्या दाराला बाहेरून कडी घालायच्या आणि टोपलीत पाच तऱ्हेचा पाला काढायच्या. कामाचा त्यातला एकच, भुईआवळी. आता नाव घ्यायला हरकत नाही. ते रोप मुळासकट वाटून सुपारीएवढी गोळी ताकातून द्यायच्या. तीन दिवस, मीठ-तेल बंद. उरलेले चार पाले उकिरड्यावर. रोग्याकडून काही घेत नसत.

सून गोदा येऊन अकरा वर्षं झाली होती. रोगी आल्यावर ती मागच्या दाराजवळ दिसली, तर बाई अंघोळीआधीच खेकसत, "तिकडे काय काम तुज?" माणसानं इतकं संशयी असू नये, हे माझं मत आजही आहे. गोदा मुकाट्यानं परत फिरे.

एका चैत्रात बाईंचेच डोळे पिवळे झाले. अन्न जाईना, उठवेना. रोप दहा पावलांवर होतं, पण ते आणायचं म्हणजे गोदाला सांगायला हवं. सांगून आपण जगलो तर ते आधी फुटल्यासारखं, गुण जाणार. मग साक्कोट्टै-पट्टीश्वरम अशा आसपासच्या गावांहून येणाऱ्या लोकांना द्यायचं काय? मरेपर्यंत थांबावं आणि तेव्हा शुद्धच नसली, तर आपण जाणार आणि औषधही जाणार. मुलगा वेंकटेश वैद्याला आणतो म्हणाला, त्याला नको म्हणाल्या. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग रडतच हाक मारली.

"गोदे, विहिरीपाशीं एक रोप आहे. पानांखालीं..."

"पानांखालीं मोहरीएवढीं फळें," गोदा म्हणाली. तिच्या हातात वाटी होती. "ताकांत वाटून आणिलें आहे, आत्याबाई."

"तुज कोणीं सांगितलें?"

"परसांतलें तण मीच काढतें नव्हे? पाला पांच जागचा नेलेला असे, उकिरड्यावर चारच. पहिल्याच वर्षीं कळलें. उन्हाळ्यांत तीं रोपें वाळूं नयेत म्हणून न्हाणीचें पाणी तिकडे मीच वळविलें."

म्हणजे अकरा वर्षं गुपित फुटलेलं होतं, आणि अकरा वर्षं माणसं बरी होऊन घरी जात होती.

"मग बोललीस कां नाहीस?"

"बोललें असतें तर तुम्हीं औषध देणेंच सोडिलें असतें."

बाईंनी वाटी हातात घेतली नाही. तोंड पुढे केलं, आणि गोदानं पाजलं.

आषाढात साक्कोट्टैचा एक विणकर पहाटे दारी आला. बाई हिंडू-फिरू लागल्या होत्या. गोदा ओलेत्यानं परसात गेली, तसं बाईंनी मागचं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून बसल्या. वेंकटेश तांब्या घेऊन विहिरीकडे निघाला होता.

"तिकडे काय काम तुज?" बाई त्याच्यावर खेकसल्या.