फाटकाबाहेरचा सॅल्यूट

सकाळी गल्लीत चौघे बंद पडलेली गाडी दोराने ओढत होते आणि मला ह्यांच्या निवृत्तीचा दिवस आठवला. ह्यांना जाऊन आता वर्ष झालं. चौपन्नाव्या वर्षी वर्दी उतरली की आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती त्या दिवसांत ह्यांना लागून राहिली होती. त्या दिवशी रिवाजाप्रमाणे जवान ह्यांची, म्हणजे त्यांच्या कर्नलसाहेबांची, जीप दोर लावून छावणीच्या फाटकाबाहेर ओढत होते, पण ती हलेना.

"साहेब, हँडब्रेक सोडा," सुभेदार म्हणाले, "नाहीतर आम्हीच आधी रिटायर होऊ."

हे हसले, ब्रेक सुटला.

वय मोजून हुद्दा काढून घेता येतो. माणसाचा मान कुठून काढणार? फाटक ओलांडलं की हे निवृत्त, मग सॅल्यूट करायचं बंधन कुणावरच नव्हतं. तिथे, भर रस्त्यात, अख्ख्या पलटणीने ह्यांना कडक सॅल्यूट ठोकला.