स्वप्नालीचे एकोणचाळीस सेकंद

स्वप्नाली मूळची केजकडची. लग्न होऊन चाकणजवळ खराबवाडीत आली आणि दोन महिन्यांत कंपनीत लागली. गाडीच्या आत वायरींचे जे जुडगे असतात, ते बांधायचं काम. आठ तास उभं राहायचं, रंगारंगाच्या वायरी फळीवर लावायच्या, वरून टेप गुंडाळायची. सहा वर्षांत तिच्या हातचं एकही काम परत आलं नाही, असं तिच्या शेजारी उभी राहणारी अंजली सांगते. स्वप्नाली स्वतः असलं काही सांगणार नाही.

माझी तिची ओळख फोनवरची. मी मोशीची सून. मराठी शाळेत शिकले आणि मराठी शाळेतच चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवते. शाळा बंद होत्या त्या वर्षी मुलांसाठी इंग्रजीचे छोटे धडे माझ्या आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. पुढे कळलं, की मुलं ऐकोत न ऐकोत, त्यांच्या आया ऐकतात. मग शाळा उघडल्यावर खास बायकांसाठीच ग्रुप केला. रोज सकाळी पाच वाक्यं. कंपनीच्या बसमध्ये दोघी-दोघी एकेक इअरफोन कानात घालून ऐकायच्या आणि संध्याकाळी आपापल्या आवाजात मला म्हणून पाठवायच्या.

हे पाठवणं बायकांना फार जड जायचं. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की ग्रुपवर काही टाकायचं नाही, फक्त माझ्या नंबरवर पाठवा, तुमचा आवाज माझ्यापाशीच राहील. आमच्या घरात देवघराची खोली तेवढी शांत, म्हणून मी धडे तिथेच बसून भरते. हा शब्दही मी समईसमोर बसूनच दिला होता.

स्वप्नालीचा पहिला आवाज एकोणचाळीस सेकंदांचा होता. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग अडकली. मागे कुकरची शिट्टी झाली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली. मग रडू आणि हसू एकत्र यावं तसं म्हणाली, "मला काय जमंना, बाई."

दहा महिन्यांनी तीच स्वप्नाली कागद न बघता दोन मिनिटं बोलू लागली होती. एक दिवस तिचा फोन आला.

"बाई, आमचे सुपरवायझर गणराज सर म्हणले, बाहेरदेशचे पाव्हणे येणारेत गुरुवारी. लाइनवर काय काय होतं ते इंग्रजीत सांगायचं. जी सांगंल ती लाइन लीडर."

"मग? तू सांगणार."

"सांगते की. तुम्ही हायेत ना."

तिच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. वायर कापण्यापासून तपासणीपर्यंत, एकेक वाक्य.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, मी ते केलं. नवीन बायकांचा ग्रुप सुरू करायचा होता. वाटलं, चार जणींना धीर येईल. स्वप्नालीचा पहिल्या दिवसाचा आवाज आणि आताचा आवाज, दोन्ही जोडून मी माझ्या स्टेटसला लावले. खाली लिहिलं, 'दहा महिन्यांचा प्रवास'. नाव टाकलं नाही. कुणाला काय कळतंय, असं वाटलं. पण आठ तास शेजारी उभं राहणाऱ्यांना आवाज ओळखायला नाव लागत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. दिवसभर अभिनंदनाचे मेसेज येत होते आणि मी ते पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. कौतुक तिचं चाललंय की माझं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

कुणीतरी तो आवाज उतरवून घेतला. पुढचा भाग कापून टाकला, पहिले एकोणचाळीस सेकंद तेवढे ठेवले. मंगळवारी तो बसमध्ये फिरला. बस चाकणच्या चौकात अडकली की मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडायचं, "ड्रायव्हरभाऊ, जमंना का?" आणि सगळी बस हसायची. कॅन्टीनमध्येही तेच. बुधवारी स्वप्नाली गणराज सरांना म्हणाली, दुसरीला सांगा. गुरुवारी पाहुण्यांपुढे अंजली बोलली. लाइन अंजलीला मिळाली.

हे सगळं मला अंजलीनेच फोन करून सांगितलं. "मला नको होतं ओ बाई असलं," म्हणाली. तोवर स्वप्नाली ग्रुपमधून निघून गेली होती.

रविवारी मी खराबवाडीला गेले. तिची एकच खोली. ती मेथी निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा ठेवला. मी वाटेत जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. तुझं चांगलंच व्हावं म्हणून लावलं होतं, असंही म्हणाले. ती मेथीची पानं खुडत राहिली.

"विचारलं असतं तर मी नको म्हणले असते," ती म्हणाली.

तिने खुडलेली काडी बाजूला टाकली.

"म्हणून विचारलं नाही ना, बाई?"

आवाजात राग नव्हता. चहात साखर किती, हे विचारावं तसं विचारलं तिने. चहा प्यायले आणि आले.

त्यानंतर देवघरात बसून धडा भरायला घेतला की जीभ जड व्हायची. एकदा भरला, पुसला. पुन्हा भरला, पुन्हा पुसला. माझ्या सासूबाई गोजाबाई बाहेर वाती वळत बसल्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं.

"आज कितवी येळ ही?" त्यांनी आतल्या दिशेने विचारलं.

"सातवी, आत्याबाई. चुकतंय सारखं."

"रोजचंच हाय तुजं. चुकलं की पुसायचं, चुकलं की पुसायचं. कुनाला ऐकू न्हाई जात." वळलेली वात त्यांनी बाजूला ठेवली. "त्या पोरीचं मातर पुसलं न्हाईस."

खरंच, इतक्या वर्षांत माझं अडखळणं एका बाईनेही ऐकलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, बाईंना येतं.

त्या दिवशी मी कागद न घेता एकदाच बोलले आणि न ऐकता पाठवून दिलं. तीन ठिकाणी अडकले होते. एका वाक्याची सुरुवात एकीकडे आणि शेवट भलतीकडे गेला. शेवटी मराठीत सांगितलं, की एका बाईचा आवाज मी तिला न विचारता लोकांपुढे ठेवला, दिलेला शब्द मोडला, ती चूक माझी. चार जणी ग्रुप सोडून गेल्या. एकीने लिहिलं, मॅडमलाच येत नाही तर आम्ही काय शिकणार. खरंच होतं. तेव्हापासून रोज एकदाच भरते. जसं होईल तसं जातं.

अंजली सांगत होती, की बसमध्ये तो धडा लावून तिने आपला एक इअरफोन स्वप्नालीच्या हातात ठेवला. स्वप्नालीने ऐकलं आणि परत दिला. पुढच्या सोमवारी मात्र स्वतःहून हात पुढे केला.

गेल्या आठवड्यात माझ्या नंबरवर तिचा आवाज आला. दोन मिनिटं दहा सेकंद. वायर कापण्यापासून तपासणीपर्यंत सगळं, पाहुण्यांना सांगायचं होतं ते. कुठे घाई नाही, कुठे अडकणं नाही. मागे तीच कुकरची शिट्टी. संपल्यावर मराठीत म्हणाली, "ऐकलं की पुसून टाका, बाई."

पुन्हा एकदा ऐकावंसं फार वाटलं. समईसमोर बसले होते. पुसून टाकला.