हबीबभाईची पहिली नजर

वाजवायला बसला की हबीबभाई आधी गर्दीवरून सावकाश नजर फिरवायचा. मग एका चेहऱ्यावर थांबायचा आणि त्या चेहऱ्याकडे बघतच पहिलं गाणं वाजवायचा. मी गर्दीत असलो की तो चेहरा हमखास माझा. मला वाटायचं, हा मला खिजवतोय.

खिजवण्यासारखं होतंही. मी अमडापूरच्या शाळेत गुरुजी, हार्मोनियमच्या सगळ्या परीक्षा दिलेला. गावातला वाजवणारा म्हणून आपलं नाव निघावं, एवढीच माझी हौस. हबीबभाई पिंजारी, गाद्या भरणारा. कापूस पिंजायच्या पिंजणाच्या तातीवर बसलेला त्याचा हात बेंजोच्या तारांवर असा चालायचा, की लोक कामं टाकून यायचे. बेंजो म्हणजे आमच्याकडची ती टाइपरायटरसारखी बटणं असलेली पेटी. मी तिला वाद्यच मानत नव्हतो. पण लग्न, जयंती, उरूस काहीही असो, सुपारी त्यालाच. माझी बायकोसुद्धा पोळ्या लाटताना त्याचीच चाल गुणगुणायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"नोटेशन येतं का तुला?" मी एकदा चारचौघांत विचारलं.

"नाई येत, गुरुजी. मले तं समोरचा मानूस वाचता येते. तेवढ्यावर भागते."

लोक हसले. मीही हसलो, दात विचकून.

बीटी कपाशीचं बियाणं नवं नवं आलं तेव्हा एका कंपनीची जीप आठवडी बाजारात आली. गर्दी जमवायला वाजवणारा हवा होता. मी स्वतः माझी हार्मोनियम उचलून गेलो. कंपनीच्या माणसाने माझं अर्धं भजन ऐकलं आणि विचारलं, "ते बेंजोवाले कुठे राहतात?" हबीबभाई त्या जीपवर बसून पार जळगाव जामोदपर्यंत वाजवून आला, आणि पुढे दर हंगामात जाऊ लागला. मी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. त्याला तो कळलाही नाही, याचा राग वेगळा.

पुढे काही वर्षांनी गुलाबी बोंडअळीने बीटीलाही सोडलं नाही. वरून हिरवीगार बोंडं, फोडली की आत अळी. हबीबभाईने जीप सोडली. म्हणाला, "बियान्यातलं मले काय कळते? पन लोकं तं माह्या बेंजोपायी थांबले होते ना." जिथे जिथे जीपवर वाजवलं होतं, त्या गावांत जाऊन तो फुकट वाजवू लागला. आमच्या पारावरही बसला. समोर सगळी कपाशी गेलेली माणसं. त्याने नजर फिरवली आणि त्याही दिवशी माझ्यावरच थांबला. मी तणतणत घरी आलो.

दोन वर्षांनी तो काविळीने गेला. बायकोने ढकललं म्हणून त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्याची बायको जुबेदाभाभी त्याच्या पिंजणाशेजारी बसली होती. बोलता बोलता मी विचारलंच, "भाभी, वाजवण्याआधी हबीबभाई एकाच माणसाकडे का बघायचा हो?"

"ते त्यायची रीतच होती, गुरुजी. म्हनत, गर्दीत सगळ्यात दुखी कोन हाय ते आधी पाह्यचं, पह्यलं गानं त्याचं. तो खुलला का बाकीचे आपोआप खुलतेत." तिने पदराने डोळे पुसले. "तुमच्याकडं पाह्यलं होतं का कधी?"

मला पारावरचा तो दिवस आठवला. सगळ्यांचं पीक गेलं होतं. दर महिन्याला पगार घेणारा तेवढा मी एकटा होतो.

"छे," मी म्हणालो. "माझ्याकडे कशाला बघेल?"