लिलाबाईंनी मागून घेतलेली परीक्षा

रिसोडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात, निदान बाळंतपणाच्या खोलीत तरी, नर्स लिलाबाईंशिवाय पान हलत नसे. अजून वेळ आहे की आता धावाधाव करायची, हे त्यांची बोटं तपासून सांगायची.

एकटीनं बाळंतपण करायची नर्सची परवानगी तिथं दर दोन वर्षांनी नवी करावी लागे. मोठ्या डॉक्टर रूपाली मॅडम शेजारी उभ्या राहून काम पाहायच्या, मगच सही. यंदा ट्रस्टच्या समितीनं ती मुदत तीन वर्षांची केली. नर्सेसनी पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं. लिलाबाई तर पुढच्या वर्षी निवृत्तच होणार, म्हणजे त्यांची यंदा ठरलेली परीक्षा कायमची टळली. नशीब काढलं म्हणून सगळ्या त्यांना चिडवू लागल्या. लिलाबाई हसल्या, पण बोटं चोळत राहिल्या.

दिवाळीपासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत होती. तांदूळ निवडताना खडा हाताला लागेना. मागच्याच आठवड्यात एकीला तपासून त्यांनी पुष्कळ वेळ आहे म्हटलं आणि पाठ वळते तोच बाळ बाहेर. दोघंही सुखरूप होती, म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. नवरा गोविंदाही म्हणाला, एकच वर्ष तर काढायचं आहे. लिलाबाईंना मात्र ते पटेना. शेवटी त्या मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मले यंदाच तपासा, मॅडम. नियम बदलला, माह्या बोटांले त्याचं काय?"

मॅडमनी त्यांना डोळे मिटायला सांगून बोटांवरून कापूस फिरवला. लिलाबाई डोळे मिटून वाट पाहत राहिल्या, मॅडम कधी सुरू करतात याची. मॅडमनी कापूस खाली ठेवला. मनगटात शीर दबली होती. इलाज होता, पण तोवर एकटीनं बाळंतपण करणं बंद.

दुसऱ्याच दिवशी रिठदची सपना कळा देत आली. पहिलं बाळंतपण लिलाबाईंनीच केलेलं.

"तुमीच करा ना, बाई."

"निकिता करते. मी हाओ न उशाशी."

लिलाबाईंनी तिचा हात धरला. नव्या नर्स निकितानं बाळ झेललं. ते रडलं, तसे सवयीनं लिलाबाईंचे हात पुढे निघाले. पण एक हात सपनानं घट्ट धरून ठेवला होता, आणि त्यांना तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.